उमरावशाही आणि समाज, राजकारण, साहित्य व कला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उमरावशाही म्हणजे नेमके काय?

'उमराव' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मुळात तो 'अमीर' या शब्दाचेच अनेकवचन आहे. म्हणजे 'अमीर-उमराव' म्हणताना आपण एकच शब्द आधी एकवचनात आणि मग अनेकवचनात उच्चारत असतो. युरोपीय भाषांतला शब्द ग्रीक असून तो 'आरिस्तोस' म्हणजे सर्वोत्तम आणि 'क्रातोस' म्हणजे सत्ता यांपासून बनला आहे. ॲरिस्टॉटलच्या मांडणीत मोजक्या गुणवंतांनी सर्वांच्या हितासाठी चालवलेले राज्य ही उमरावशाही, आणि तेच मोजके लोक स्वतःच्या लाभासाठी राज्य करू लागले की तिचे धनिकांच्या टोळीराज्यात रूपांतर होते. प्रत्यक्ष इतिहासात मात्र सर्वोत्तम कोण हे ठरवण्याचा अधिकार सर्वोत्तम म्हणवणाऱ्यांनीच आपल्या हाती ठेवला आणि तो मुलाबाळांना वारशाने दिला. म्हणून आज हा शब्द वापरताना त्यात जमीन, वंशपरंपरागत पदवी, कायद्याने मिळालेल्या सवलती आणि या तिन्हींभोवती रचलेली एक जीवनपद्धती, असे सगळे एकत्र अभिप्रेत असते.

सरंजामशाही आणि उमरावशाही एकच का?

नाही. लष्करी चाकरीच्या मोबदल्यात जमिनीचा उपभोग देण्याची व्यवस्था म्हणजे सरंजामशाही. त्या व्यवस्थेतून उमराव घराणी निर्माण झाली हे खरे, पण व्यवस्था मोडल्यावरही घराणी राहिली. शिवाय व्हेनिसची उमरावशाही व्यापाऱ्यांची होती आणि तिला राजाच नव्हता. तेथे 1297 मध्ये महापरिषदेचे दरवाजे नव्या घराण्यांना जवळजवळ बंद झाले, 1506 पासून उमराव घरांतील जन्मांची नोंद ठेवली जाऊ लागली आणि ती वही पुढे 'सुवर्णग्रंथ' म्हणून ओळखली गेली. हे प्रजासत्ताक 1797 पर्यंत टिकले.

उमराव होण्यासाठी उमरावाच्याच घरी जन्मावे लागत असे का?

सर्वाधिक गैरसमज या प्रश्नाभोवती आहेत. कोणत्याही देशातील उमराव वर्ग नीट तपासला, तर त्यातील जुनी घराणी युद्धांत, निपुत्रिकतेमुळे किंवा कर्जापायी सतत नष्ट होत असल्याचे आणि त्यांची जागा नवी माणसे भरून काढत असल्याचे दिसते. दार बंद असल्याचा देखावा आणि प्रत्यक्षात किलकिले ठेवलेले दार, हेच या संस्थेच्या दीर्घायुष्याचे खरे कारण आहे, असे माझे मत आहे. पैसा आत येतो, आणि दोन-तीन पिढ्यांत तो कोठून आला होता हे कोणी विचारीनासे होते.

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने 1611 मध्ये 'बॅरोनेट' ही नवी वंशपरंपरागत पदवी काढली आणि तिच्यासाठी 1,095 पौंड आकारले. फ्रान्समध्ये न्यायालयांतील व प्रशासनातील काही पदे विकत घेतली की कालांतराने घराणे उमरावांत गणले जाई. अशा घराण्यांना 'झग्याचे उमराव' म्हणत आणि 'तलवारीचे उमराव' म्हणवणारी जुनी घराणी त्यांना नाक मुरडत, पण त्यांच्या मुली सून म्हणून आणायला त्यांची हरकत नसे. ज्या व्हेनिसने दार लावून घेतले होते, त्याच व्हेनिसने क्रीटच्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सतराव्या शतकाच्या मध्यास एक लाख डुकाट (सोन्याची नाणी) देणाऱ्या घराण्यांना सुवर्णग्रंथात जागा दिली. फ्लोरेन्सचे मेदिची तर मूळचे सावकार. त्यांच्या पेढीचा धंदा बुडाला, आणि पुढे त्याच घराण्यातून ड्यूक, पोप आणि फ्रान्सच्या राण्या झाल्या.

रशियाने वेगळा मार्ग धरला. पीटर द ग्रेटने 1722 मध्ये चौदा पायऱ्यांची हुद्द्यांची सारणी लागू केली. मुलकी नोकरीत आठव्या पायरीपर्यंत चढलेल्या माणसाला वंशपरंपरागत उमरावकी आपोआप मिळे. म्हणजे येथे आधी चाकरी आणि मग कूळ. 1762 मध्ये उमरावांना सक्तीच्या चाकरीतून मोकळीक मिळाली, पण त्यांच्या शेतांवर राबणारी भूदास माणसे मात्र 1861 पर्यंत मोकळी झाली नाहीत. मधली ही नव्व्याण्णव वर्षे रशियाचा पुढचा इतिहास समजून घेताना लक्षात ठेवावीत.

'निळे रक्त' ही कल्पना कोठून आली?

स्पेनमधून. उन्हात न राबलेल्या गोऱ्या कातडीखालून निळसर शिरा दिसतात, एवढाच तिचा आधार. त्या शिरांना शुद्ध वंशाचा, म्हणजे ज्यू किंवा मूर (मुस्लिम) पूर्वज नसल्याचा, पुरावा मानण्यात आले.

एवढ्या पिढ्या मालमत्ता टिकली कशी?

वारसाहक्काच्या नियमांमुळे. इंग्लंडमध्ये पदवी आणि जमीन थोरल्या मुलाकडे जाई, शिवाय ती जमीन त्याला विकता येऊ नये अशी कायदेशीर बांधणी केलेली असे. म्हणजे तो मालक कमी आणि पुढच्या पिढीचा राखणदार अधिक असे. धाकट्या मुलांना सैन्य, चर्च किंवा वकिली यांतून पोट भरावे लागे, आणि सैन्यातील अधिकारपदे पैसे मोजून घेण्याची पद्धत तेथे 1871 पर्यंत राजरोस चालू होती. युरोपच्या मुख्य भूमीवर अनेक ठिकाणी सगळ्याच मुलांना पदवी मिळे. परिणामी पदव्या उदंड झाल्या आणि जमिनीचे तुकडे पडत गेले. पोलंडमध्ये तर लोकसंख्येच्या आठ ते दहा टक्के माणसे उमराव गणली जात, आणि त्यांतील कित्येकांकडे पदवीखेरीज काहीही नव्हते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेचे स्वस्त धान्य आल्यावर जमिनीचे उत्पन्न कोसळले. 1894 मध्ये ब्रिटनने वारसाकराची नव्याने, अधिक कडक आकारणी केली. तेव्हा उमरावांनी जुनाच उपाय केला, फक्त सोयरीक दूरची निवडली. 1895 मध्ये अमेरिकी रेल्वेसम्राटाच्या घराण्यातील कॉन्स्वेलो व्हँडरबिल्ट हिचा विवाह मार्लबरोच्या ड्यूकशी झाला. त्या लग्नात ती सुखी नव्हती, पण ड्यूकच्या ब्लेनम राजवाड्याची दुरुस्ती झाली.

समाजाच्या मनावर उमरावशाहीचा सर्वांत खोल परिणाम कोणता?

कष्टाविषयीची लाज. फ्रान्समध्ये उमरावाने किरकोळ व्यापार किंवा हातकाम केले तर त्याची उमरावकी जाऊ शकत असे. काम न करणे ही केवळ चैन नव्हती, तो दर्जाचा पुरावा होता, आणि हा दंडक खालच्या थरांनीही मनोमन स्वीकारला.

याचे एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. स्पेनचा राजा चौथा फिलिप याचे दरबारी चित्रकार दिएगो वेलास्केस यांना सांतियागोच्या सरदार-मंडळात प्रवेश हवा होता. मंडळाच्या नियमानुसार उमेदवाराचे आईवडिलांकडील कूळ शुद्ध असावे लागे आणि त्याने धंदा म्हणून हातकाम केलेले नसावे लागे. चौकशी बसली, शंभरावर साक्षी झाल्या. झुर्बारान आणि आलोन्सो कानो या नामवंत चित्रकारांनीही साक्ष दिली. वेलास्केस यांनी कधी चित्रे विकली नाहीत, त्यांचे दुकान नव्हते, जे रंगवले ते राजाच्या संतोषासाठी, असे पटवून द्यायचे होते. म्हणजे युरोपातील एका थोर चित्रकाराची योग्यता सिद्ध करताना चित्रकला हा त्याचा व्यवसाय नाही, हे सिद्ध करावे लागत होते. तरीही कुळाचा पुरावा अपुरा ठरला, पोपकडून विशेष सवलत आणावी लागली आणि 1659 च्या नोव्हेंबरात प्रवेश मिळाला. पुढच्याच वर्षी ते वारले. 1656 मध्ये रंगवलेल्या 'लास मेनिनास' या चित्रात त्यांनी स्वतःलाही कुंचला घेऊन उभे केले आहे. त्या आकृतीच्या छातीवर आज जो तांबडा क्रॉस दिसतो, तो सन्मान मिळाल्यानंतर रंगवलेला आहे.

राजा आणि उमराव एकाच बाजूचे नव्हते का?

बहुतेक वेळा ते एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. 1648 ते 1653 या काळात फ्रान्समध्ये उमरावांनी बंड केले, तेव्हा चौदावा लुई लहान होता आणि त्याला रातोरात पॅरिस सोडावे लागले होते. ते तो विसरला नाही. 1682 मध्ये त्याने दरबार व्हर्सायला हलवला आणि तेथे उमरावांना अशा मानपानात गुंतवले की बंडाला सवडच राहू नये. रात्री राजा निजण्याच्या वेळी मेणबत्तीचा दिवा कोणी धरायचा, हा तेथे मोठा मान होता. ज्यांचे पूर्वज किल्ले लढवत होते, ती माणसे आज दिवा आपल्या हाती येईल का, या काळजीत उभी असत.

जपानमध्ये तोकुगावा घराण्याच्या शोगुनांनी, म्हणजे लष्करी शासकांनी, 1635 मध्ये हेच काम नियमाने केले. दाइम्यो सरदारांनी आलटून पालटून ठरावीक काळ एदो (आजचे टोकियो) शहरात राहायचे, आणि त्यांच्या बायका व वारस मात्र कायम तेथेच, एका अर्थाने ओलीस. लवाजम्यासह होणाऱ्या या येण्याजाण्याचा आणि दोन ठिकाणच्या वाड्यांचा खर्च एवढा असे की सैन्य बाळगायला फारसे उरत नसे. त्याच मार्गांवर सराया, बाजारपेठा आणि शहरी कला मात्र फुलल्या.

उमरावशाही लोकशाहीच्या आड आली की तिच्यातूनच लोकशाही जन्मली?

दोन्ही विधानांना आधार आहे, पण दोन्ही अर्धी आहेत. 1215 चा मॅग्ना कार्टा, म्हणजे इंग्लंडमधील हक्कांची सनद, बंडखोर सरदारांनी आपल्या हक्कांसाठी राजाकडून मिळवला. सामान्य रयतेचे त्यांच्या मनात फारसे काही नव्हते, तरी राजाही कायद्याने बांधलेला आहे हे तत्त्व त्यातून कागदावर आले आणि पुढे ते भलत्याच लोकांच्या कामी पडले. पोलंडच्या उमरावांनी राजा निवडून आणण्याचा हक्क मिळवला. पण 1652 पासून एकाच सभासदाच्या विरोधाने संसदेचे अख्खे अधिवेशन निष्फळ ठरवण्याची प्रथा पडली, शेजारी राष्ट्रांनी असे विरोधक पैसे चारून पोसले, आणि 1772, 1793 व 1795 अशा तीन फाळण्यांत तो देश नकाशावरून पुसला गेला. मे 1791 च्या राज्यघटनेने ती प्रथा रद्द केली होती. तोवर उशीर झाला होता.

ब्रिटनमध्ये निर्णायक झगडा अंदाजपत्रकावरून झाला. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांनी 1909 मध्ये श्रीमंतांवर व जमिनीवर कर बसवणारे अंदाजपत्रक मांडले आणि उमरावांच्या सभागृहाने ते 350 विरुद्ध 75 मतांनी फेटाळले. दोन निवडणुका झाल्या. अखेर, विरोध चालूच राहिला तर राजा शेकडो नवे उमराव नेमील, अशी तंबी देण्यात आली. या तंबीचा परिणाम झाला, कारण वर्गाची किंमत त्याच्या दुर्मीळपणात असते आणि ती शेकड्याने वाटली जाणे उमरावांना नकाराधिकार गमावण्याहून भयंकर वाटले. 1911 चा कायदा 131 विरुद्ध 114 मतांनी संमत झाला. अर्थविषयक विधेयके अडवण्याचा अधिकार गेला आणि इतर विधेयके फार तर दोन वर्षे लांबवण्याचा उरला. 1958 पासून त्या सभागृहात हयातीपुरते सदस्य नेमले जाऊ लागले, आणि 1999 मध्ये वंशपरंपरागत सदस्यांपैकी 92 वगळता सर्वांची जागा गेली.

फ्रेंच राज्यक्रांतीने उमराव संपवले ना?

4 ऑगस्ट 1789 च्या रात्री सरंजामी हक्क सोडून देण्याची घोषणा झाली आणि तो प्रस्ताव मांडणारा व्हायकाउंट द नोआय स्वतः उमराव होता. 19 जून 1790 रोजी वंशपरंपरागत उमरावकीच रद्द झाली. गिलोटिनखाली प्रामुख्याने उमराव गेले, हे कादंबऱ्यांनी रुजवलेले चित्र आहे. दहशतपर्वात, म्हणजे 1793-94 च्या सामूहिक देहदंडांच्या काळात, देहदंड झालेल्यांत बहुसंख्य लोक सामान्य घरांतले होते. नेपोलियनने 1808 मध्ये नवे उमराव निर्माण केले, आणि 1814 मध्ये परतलेल्या राजाने जुन्यांना त्यांच्या पदव्या परत दिल्या व नव्यांच्या तशाच ठेवल्या. करमाफीसारख्या सवलती मात्र परत आल्या नाहीत.

उमरावांनी आपल्याच वर्गाविरुद्ध बंड का केले?

फुरसत, शिक्षण आणि राजाला न भिण्याची सवय या तीन गोष्टी एकत्र आल्या की माणूस प्रश्न विचारू लागतो. नेपोलियनचा पाठलाग करत पॅरिसपर्यंत गेलेले तरुण रशियन अधिकारी परतल्यावर भूदास प्रथेकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहू शकले नाहीत. डिसेंबर 1825 मध्ये त्यांनी केलेला उठाव फसला, पाचजण फासावर गेले आणि शंभराहून अधिक सायबेरियात. अराजकवादी विचारवंत क्रोपोत्किन हेही जन्माने राजपुत्रच होते.

आश्रयदाते नसते तर एवढी कला निर्माण झाली असती का?

काही झाली असती, काही नसती. पण आश्रय म्हणजे नेमके काय, हे करार वाचल्यावर कळते. संगीतकार योजेफ हायडन यांनी 1761 मध्ये हंगेरीतील एस्तरहाझी या उमराव घराण्याची नोकरी धरली. करारानुसार त्यांनी गणवेश, पांढरे पायमोजे आणि पावडर लावलेले केस किंवा टोप अशा वेशात राहायचे होते, दुपारच्या आधी व नंतर दिवाणखान्याबाहेर उभे राहून आज वादन हवे आहे का, हे विचारायचे होते, आणि रचलेले संगीत मालकाच्या परवानगीशिवाय कोणाला द्यायचे नव्हते. त्या बदल्यात त्यांना हाताशी कायमचा वाद्यवृंद आणि प्रयोग करायला तीस वर्षे मिळाली. 1772 मध्ये राजपुत्राने ग्रामीण महालातील मुक्काम लांबवला आणि आयझेनश्टाट या गावी कुटुंबे ठेवून आलेले वादक कंटाळले, तेव्हा हायडन यांनी तक्रार स्वरांत लिहिली. शेवटच्या भागात एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून निघून जातो आणि अखेरीस दोनच व्हायोलिने उरतात. राजपुत्राने अर्थ ओळखला आणि दुसऱ्या दिवशी मुक्काम हलला.

मोझार्टला हे जमले नाही. साल्झबुर्गच्या आर्चबिशपांच्या पदरी असताना त्याला जेवायला नोकर आणि आचाऱ्यांच्या पंक्तीत बसवत. 1781 मध्ये त्याने नोकरी सोडू म्हटले, तेव्हा आर्चबिशपांचे अधिकारी काउंट आर्को यांनी त्याला अक्षरशः लाथ मारून बाहेर काढले. बेथोवेनच्या वेळेपर्यंत वारे फिरले होते. 1809 मध्ये तीन उमरावांनी मिळून, व्हिएन्ना न सोडण्याच्या अटीवर, त्याला वर्षाला 4,000 फ्लोरिन देण्याचे कबूल केले. दोनच वर्षांत चलनाचे अवमूल्यन झाले आणि 1812 मध्ये तिघांपैकी एक, राजपुत्र किन्स्की, घोड्यावरून पडून मरण पावला; आश्रयाचे पैसे कसे आटतात, याचे हे छोटे प्रात्यक्षिक. याच बेथोवेनच्या नावातील 'व्हान' उमरावकीचे निदर्शक नाही, हे 1818 मध्ये पुतण्याच्या ताब्याच्या खटल्यात उघड झाले आणि तो खटला उमरावांच्या न्यायालयातून सामान्य न्यायालयात पाठवण्यात आला.

रशियात तर कलावंतच मालमत्तेत मोजला जाई. शेरेमेत्येव घराण्याच्या नाट्यशाळेत भूदास गायक आणि नर्तक होते. त्यांतील प्रास्कोव्या झेम्चुगोवा ही लोहाराची मुलगी आपल्या काळातील श्रेष्ठ गायिका ठरली. काउंट निकोलाय शेरेमेत्येव यांनी तिला मुक्त करून 1801 मध्ये गुपचूप लग्न केले, आणि दोन वर्षांनी, मुलाला जन्म दिल्यावर थोड्याच दिवसांत, ती गेली. रंगमंचावर तिने राण्यांच्या भूमिका केल्या, पण प्रयोग संपल्यावर ती कोणाच्या तरी मालकीची होती.

साहित्यावर कोणता प्रभाव पडला?

भाषेत पाहा. 'अभिजात' म्हणजे मुळात चांगल्या कुळात जन्मलेला. आज आपण तो शब्द संगीताला, साहित्याला, भाषेला लावतो आणि जन्माचा संदर्भ मनातही येत नाही. लॅटिन 'क्लासिकुस' हा शब्दही मुळात रोमच्या सर्वांत वरच्या संपत्ती-वर्गातील नागरिकासाठी होता. कुळाची प्रतवारी पुस्तकांवर चढली.

लेखक आणि आश्रयदाता यांचा काडीमोड इंग्लंडमध्ये लवकर झाला. 1755 मध्ये सॅम्युएल जॉन्सन यांचा शब्दकोश पुरा होत आला, तेव्हा आधी दुर्लक्ष करणारे लॉर्ड चेस्टरफील्ड अचानक कौतुक करू लागले. जॉन्सन यांनी त्यांना सभ्य भाषेत झाडणारे पत्र लिहिले आणि कोशात 'आश्रयदाता' या शब्दाच्या अर्थात, तो उद्दामपणे मदत करतो आणि मोबदल्यात खुशामत घेतो, असेही नोंदवले. तोपर्यंत पुस्तक विकत घेणारा वाचक उभा राहिला होता, म्हणून हे धाडस परवडले.

उमराव घरांतून आलेल्या लेखकांचा प्रश्न वेगळा. काउंट टॉलस्टॉय यांच्या 'युद्ध आणि शांती'ची सुरुवात फ्रेंच वाक्यांनी होते, कारण त्या दिवाणखान्यांत रशियन माणसे फ्रेंचच बोलत. स्वतःच्या वर्गाचे असे परकेपण आतल्या माणसालाच टिपता आले.

स्त्रियांचे स्थान काय होते?

जपानच्या हेइआन दरबारात फुजिवारा घराण्याने मुली सम्राटांना देऊन सत्ता चालवली. अशाच एका सम्राज्ञीच्या सेवेतील मुरासाकी शिकिबू यांनी अकराव्या शतकाच्या आरंभी 'गेंजी'ची कथा ही कादंबरी लिहिली. पुरुष प्रतिष्ठेसाठी चिनीत लिहीत. स्त्रिया देशी लिपीत लिहीत, आणि काळाने निवाडा त्यांच्या बाजूने दिला. पॅरिसमध्ये सतराव्या शतकापासून उमराव स्त्रियांच्या बैठकींत लेखकांची नावे ठरत. अधिकार मात्र नव्हता: ब्रिटनच्या उमरावसभेत स्त्रियांना 1958 पर्यंत बसता येत नव्हते, आणि स्पेनमध्ये थोरल्या मुलीला धाकट्या भावाआधी पदवी मिळण्याचा हक्क 2006 च्या कायद्याने आला.

त्यांचे वाडे आणि संग्रह आज कोणाचे आहेत?

बरेचसे जनतेचे. मेदिची घराण्याची शेवटची वारस आन्ना मारिया लुईसा हिने 1737 च्या करारात कुटुंबाचा सगळा कलासंग्रह फ्लोरेन्समधून बाहेर न नेण्याच्या अटीवर राज्याला दिला. म्हणून तेथील उफ्फीझी या कलादालनातील चित्रे आजही तेथेच आहेत. आज त्या दालनांत फिरणाऱ्याला सावकारी आणि व्याज आठवत नाही. ब्रिटनमध्ये 1937 पासून कर्जात बुडालेली ग्रामीण प्रासादगृहे नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे सोपवण्याची सोय झाली, आणि मूळ कुटुंबाला त्यांच्या एका भागात राहू देण्यात आले.

आजही पदव्या दिल्या जातात का?

काही देशांत. स्पेनच्या राजाने 2011 मध्ये कादंबरीकार मारिओ व्हार्गास योसा यांना आणि फुटबॉल प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांना मार्किस केले. बेल्जियमही पदव्या देतो. नॉर्वेने 1821 मध्येच उमरावकी मोडीत काढायला घेतली, जपानने 1947 च्या राज्यघटनेने सरदारपदव्या रद्द केल्या. जर्मनीने 1919 मध्ये पदव्यांना आडनावाचा भाग ठरवून त्यांचे वजन काढून घेतले. ऑस्ट्रियाने त्याच वर्षी अधिक कठोर कायदा करून नावातील उमरावकी दाखवणारा 'फॉन' सुद्धा वापरण्यास मनाई केली. त्यामुळे साल्झबुर्गमध्ये जन्मलेल्या त्या विख्यात संगीत-संचालकाचे कायदेशीर आडनाव नुसते कारायान राहिले, आणि हर्बर्ट फॉन कारायान हे त्याचे कलावंत म्हणून वापरायचे नाव झाले.